कोंबडीला फसवणारं फुलपाखरू

मंडळी, आज घोळीची भाजी हुकली, तरी मी लय खुश आहे.

सकाळी परसात घोळ खुडत होते. एक केशरी फुलपाखरू घोळीवर बसलं. आमची कोंबडी धावली, पण चोच न मारताच मागं फिरली. परवा तिनं रुईवरचं असंच एक चोचीत घेऊन थुंकून टाकलं होतं. रुई खाऊन वाढलेलं ते कडू असतं.

वाकून पाहिलं, तर मागच्या पंखावर एकच काळा ठिपका! रुईवरच्या कडूला तिथं तीन-चार असतात. हे कडू नव्हतंच. कडूचा वेश घेतलेली दुसऱ्या जातीची मादी होती. अशा वेशातल्याच पिढ्यान्‌पिढ्या वाचत आल्या. ती घोळीवर अंडी घालत होती.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं तेवढी घोळ. लेकरांसाठी एवढं सोंग करून आली ती."

आता पिठलं शिजायलंय. तुमी खुडली असती का ती घोळ?