शिडं शिवणाऱ्याचा फोटो

आमच्या जावईबापूंचं कौतुक ऐकायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका. धक्क्यावर कोणालाही गाठा, तासभर गुणगान ऐकायला मिळेल. मी आपलं खरं ते सांगणार. आणि खरं हे की तो माणूस दिसला की माझ्या पोटात दुखतं.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंद्यानं शिंपी, पण कपडे नाही शिवत, होड्यांची शिडं शिवतो. धक्क्याजवळच्या एका गोदामात त्याचं काम चालतं. तिथे टेबल नाही की खुर्ची नाही. लाकडी जमिनीवर शीड पसरायचं, त्याच्यावरच मांडी घालून बसायचं आणि शिवत शिवत पुढे सरकायचं. तळहाताला चामड्याचा पट्टा, तोंडात मेण लावलेला दोरा. त्यामुळे असेल, पण बोलणं चार शब्दांच्या वर जात नाही. लग्न ठरलं तेव्हा मीच बहिणीला म्हटलं होतं, "अगं, याच्याशी भांडणार तरी कशी तू?"

फोटोचा धंदा आमचा. बाबांचा स्टुडिओ, बाबांच्याच हाताखाली मी शिकले. सव्वीस वर्षं झाली. दिवसभर पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम. आणि संध्याकाळी कॅमेरा खांद्याला लावून धक्का. पांढरी शिडं, मावळता सूर्य, पाण्यात पडलेलं सोनं. लोक माझे फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. बाबा मात्र फोटो हातात घ्यायचे, "हं" म्हणायचे आणि परत द्यायचे. फारच खूश असले तर "बरा आहे." छान हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी तोंडातून काढला नाही.

मग या शिंप्यानं कॅमेरा घेतला. जुना, कोणीतरी वापरून टाकलेला. हौस म्हणून घेतला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याला कामासाठी हवा होता. दुरुस्त केलेलं शीड जमिनीवर चांगलंच दिसतं. वारा भरला की मग कळतं कुठली शिवण ओढतेय, कुठे सुरकुती पडतेय. होडी काही बघायला थांबत नाही, भुर्रकन निघून जाते. म्हणून हा धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढायचा आणि मग घरी बसून सुरकुत्या बघायचा.

"ताई, जरा मोठे करून द्याल?" म्हणत तो स्टुडिओत आला. मी करून दिले. त्यानं एका फोटोवर बोट टेकवलं आणि पुटपुटला, "इथे सैल सोडायला हवं होतं." त्याला फक्त सुरकुती दिसत होती. मला सगळा फोटो दिसत होता. शिडात वारा असा भरला होता की कागद फाटेल. दोर ओढणाऱ्याचे दात आवळलेले, मागे पायऱ्यांवर जाळं झटकणारी बाई तशीच थांबून बघत होती. मी सव्वीस वर्षांत असा एक फोटो काढला नव्हता.

बाबांनी भिंग लावून तो बघितला. "छान," म्हणाले. पुन्हा बघितला आणि पुन्हा म्हणाले, "छान!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेव्हापासून रोजचंच सुरू झालं. बाबांची नजर अधू होत चालली होती, डोळ्याच्या कडेनं तेवढं दिसायचं. तरी चहाचा कप ठेवायच्या आत विचारणार, "जावईबापूंनी नवीन काय काढलंय?" अरे, मी समोर बसलेय की! मी नवीन काढलेलं कोण बघणार?

गेल्या वर्षी होडीवाल्यांच्या सोसायटीनं धक्क्यावर उतारूंसाठी खोली बांधली. तिच्या एका अख्ख्या भिंतीवर बंदराचा फोटो लावायचा ठरलं. निवडायचा कोणी? बाबांनी. पन्नास वर्षं त्यांनी हे बंदर टिपलेलं, त्यांच्या शब्दापुढे कोण जाणार? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, फोटोवर नावं नकोत, म्हणजे घरच्यांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको. माझा एक ठेवायचा होताच. पण बाबांनी हट्ट धरला, जावईबापूंचाही हवा. आणि दोन्ही छापायचे कोणी? मीच. मोठं मशीन माझ्याकडे.

त्याचा नवा, बाबांनी अजून न बघितलेला शिडाचा फोटो कॉम्प्युटरवर समोर होता. मला भिंतीचं काही पडलं नव्हतं. मला एकदा, फक्त एकदा, त्याचा फोटो बाजूला सारून बाबांनी माझ्याकडे वळायला हवं होतं. मी बटण दाबलं आणि फोटो उलटा केला. आरशात दिसतो तसा, डावं उजवीकडे. अनोळखी माणसाला काही कळलं नसतं. पण धक्क्यावरून बघितलं की दीपगृह डाव्या हाताला असतं, हे बंदरावरचं पोरसुद्धा सांगेल. बाबा म्हणतील, हा कसला नवशिक्या, आणि देतील ठेवून. लाज वाटली का? नाही वाटली. खोटं कशाला बोलू?

सकाळी सेक्रेटरी आले, शिंपी आला. बाबांच्या पलंगावर मी दोन्ही फोटो पसरले. शिंप्याची नजर त्याच्या फोटोवर पडली आणि तिथेच अडकली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाबांनी आधी माझा सूर्यास्त भिंगाखाली घेतला. "हं," म्हणाले. मग दुसरा. भिंग बोट बोट पुढे सरकत होतं. दीपगृहापाशी थांबलं.

"हे या बाजूला कधीपासून आलं?"

आता म्हणतील, नवशिक्या. पण बाबा हसायला लागले, खांदे हलेपर्यंत हसले.

"अगं, निगेटिव्ह उलटी घालायची तुझी खोड काही जात नाही बघ! शाळेत होतीस तेव्हापासून ओरडतोय मी. सेक्रेटरी, हा आमच्या हिचा. शिंप्याच्या हातून असं व्हायचं नाही." आणि पुन्हा फोटोवर वाकले. त्या शिडावर त्यांनी तळहात फिरवला. "पण काय काढलायस गं. छान. खूप छान. मला वाटायचं तुला हे कधी जमायचं नाही."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, पण तेवढ्यात सेक्रेटरींनी शिंप्याकडे वळून विचारलं, "म्हणजे सूर्यास्त तुमचा?"

शिंप्यानं बाबांच्या तोंडाकडे बघितलं. "हो," म्हणाला. "तो शिडाचा ताईंचा."

जिन्यात मी त्याला गाठलं. "कशाला बोललात? कोणी सांगितलं होतं?"

"बाबा किती खूश होते, ताई," तो म्हणाला आणि चपला घालून कामाला गेला. रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं मेल्यानं. बाबांचा तो एक शब्द मला मिळाला, तोही याच्याच हातून.

फोटो सुलट करून भिंतीवर लागला. खाली माझं नाव आहे. बाबांना आता काहीच दिसत नाही, पण रोज सकाळी मला त्यांना त्या खोलीत न्यावं लागतं. ते बाकावर बसतात, शेजारी कोण येईल त्याचा हात धरतात आणि भिंतीकडे बोट दाखवून सांगतात, "हा माझ्या मुलीनं काढलाय."

लोक माझ्याकडे वळून बघतात, आणि मी मान डोलावते.