आजोबांचा एक शब्द

माझी नात माद्रिदला वाढलेली, तिला फक्त स्पॅनिश येतं. ती आठ दिवस माझ्या गावी, राहात्याला येणार म्हणून मी महिनाभर मोबाईलवर स्पॅनिश घोकलं. डोंबलाचं! एकच शब्द नीट बसला: सोब्रेमेसा. म्हणजे जेवण झाल्यावर ताटावरून न उठता मारलेल्या गप्पा. आपण खरकटा हात वाळेपर्यंत मारतो, त्याच.

पहिल्याच जेवणानंतर मी तो शब्द वापरला. पोरगी खुलली, पुन्हा मांडी घालून बसली आणि बोलतच सुटली. मला एक अक्षर कळेना. मुलाला, म्हणजे तिच्या बापाला खुणावलं, तर तो फोनवर. मी मूर्खासारखा मान डोलवत राहिलो. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट पाहत थांबली.

मी म्हणालो, "सोब्रेमेसा."

ती उठून हात धुवायला गेली. माझा हात केव्हाच वाळला होता.