बॅटरी नसलेला सेट माझ्या आवाजात बोलला

आधी वार आणि व्यक्ती नोंदवतो. अनुभव नंतर सांगतो. नेमक्या तारखा मी संबंधितांना पाठवलेल्या सहा पत्रांत दिल्या आहेत. येथे वार पुरेत.

सोमवार – सराव-इमारतीचा नकाशा मंजूर झाला. जबाबदार : ड्रिलचे प्रभारी अधिकारी, ज्यांनी दुसऱ्या मजल्यावर पाऊल न ठेवता 'प्रत्यक्ष पाहणी केली' असे लिहिले.

मंगळवार – त्याच इमारतीच्या लिफ्टचे लोखंडी दरवाजे भंगारात गेले. जबाबदार : इमारतीचे मालक, ज्यांनी ते कोणालाही कळवले नाही.

बुधवार, सकाळी नऊ – सरावासाठी पाच वॉकी-टॉकी सेट आले. त्यांपैकी तीन सेटमध्ये बॅटरी नव्हती. जबाबदार : भांडारप्रमुख.

बुधवार, सकाळी दहा – ही स्थिती माहीत असूनही सराव सुरू करण्याच्या कागदावर सही झाली. जबाबदार : मी.

शेवटचे नाव वाचून कोणाला आश्चर्य वाटू नये. जो स्वतःचे नाव यादीत घालत नाही, त्याला इतरांकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही, असे मी मानतो.

आता अतर्क्य अनुभवांच्या या सदराविषयी. ते मी आजवर कधीही वाचले नव्हते. श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मी वाढलो. आमचे कुटुंब नांदेडकडून हैदराबादला आले, अग्निशमन सेवेत मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यांतली निम्मी वर्षे नव्या लोकांना ड्रिल शिकवण्यात गेली. जळालेल्या घरांतून मी माणसे बाहेर काढली आहेत – जिवंत आणि मृत दोन्ही. त्या घरांत मला कधी काही 'दिसले' नाही, की 'ऐकू' आले नाही. अशा गोष्टी सांगणाऱ्या सहकाऱ्यांना मी आधी पाणी प्यायला आणि मग झोप काढायला सांगत असे. तरीही आज या सदरात लिहितो आहे, कारण माझ्या सहा पत्रांना उत्तर नाही, आणि येथे निदान वाचणारे लोक आहेत.

सराव दिलसुखनगरातल्या एका रिकाम्या चार मजली इमारतीत होता. पूर्वी तेथे कोचिंग क्लास चालत. आता ती पाडायची होती. निवृत्त प्रशिक्षक म्हणून मला लेखी बोलावणे होते. माझे काम प्रवेश-नोंदीचे. श्वसनयंत्र पाठीला लावून धुरात जाणारा प्रत्येक जण आपल्या नावाचा बिल्ला माझ्याकडे देतो. मी तो फळ्यावर अडकवतो, शेजारी त्याच्या सिलिंडरचा दाब आणि आत जाण्याची वेळ लिहितो. हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब आतला माणूस ठेवू शकत नाही, म्हणून तो बाहेरचा ठेवतो. बिल्ला फळ्यावर आहे तोवर माणूस आत आहे. तो परत घेईपर्यंत फळ्यासमोरचा माणूस जागचा हलत नाही, कोणाशी गप्पा मारत नाही. हे मी शेकडो जणांना शिकवले आहे.

त्या दिवशी पहिल्या जोडीत माझा पुतण्या मिलिंद होता. तो सेवेत अकरा वर्षे आहे. बढतीची फाईल वर गेलेली. जोडीदार साईलू – वरंगळकडचा, मिलिंदहून वयाने मोठा, माझ्याच हाताखाली शिकलेला. मिलिंदने छातीवरचा सेट उलटा करून मला दाखवला. बॅटरीची जागा रिकामी.

“काका, हे तर नुसतं डबडं आहे.”

मी प्रभारी अधिकाऱ्यांना विचारले. बॅटऱ्या पुढच्या तपासणीसाठी चार्जिंगला ठेवल्या आहेत, असे ते म्हणाले. “सर, फोटो में सेट दिखना होना. ड्रिल ही तो है, रस्सी है ना?”

चालू सेट दोनच होते – एक माझ्या टेबलावर, दुसरा त्यांच्या हातात. मी सराव थांबवायला हवा होता. 'आत जाणाऱ्यांच्या कमरेला बांधलेल्या रस्सीच्या झटक्यांवर काम भागेल' असे स्वतःला समजावून मी सही केली. हा माझा गुन्हा.

दहा वाजून वीस मिनिटांनी जोडी आत गेली. दुसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत ड्रममध्ये ओला पेंढा पेटवला होता. जिन्यापर्यंत दाट, पिवळसर धूर होता. पद्धत नेहमीची – डावा हात भिंतीला, पुढचा पाय आधी चाचपडत ठेवायचा, वजन नंतर टाकायचे. मी फळ्यासमोर उभा होतो. गरज पडल्यास सर्वांना बाहेर बोलावण्यासाठी शिट्टी दातांत धरलेली. शेजारी गाडीचे ड्रायव्हर खाजा मियाँ, माझे जुने सोबती.

आत काय घडले ते मला नंतर कळले. पण वाचकांच्या सोयीसाठी येथेच सांगतो.

मिलिंदच्या डाव्या हाताखालची भिंत संपली. नकाशात त्या जागी कुलूपबंद लिफ्ट होती, म्हणून त्याला वाटले, हे एखाद्या खोलीचे दार असावे. मागून येणाऱ्या साईलूला मात्र धुरात दिसले की मिलिंदच्या टॉर्चचा झोत फरशीवर पडत नाही, खाली खाली जातो आहे. तो मास्कमधून ओरडला – “आगु! आगु!”

तेलुगूत 'आगु' म्हणजे 'थांब'.

मास्कमधून तो शब्द मिलिंदला 'आग, आग' असा ऐकू आला. घरात मराठी, गल्लीत दखनी बोलणारा माणूस दुसरे काय ऐकणार? ड्रमची आग पसरली असावी, अशा समजुतीने त्याने पाय चाचपडणे सोडले, गुडघ्यांवर बसला आणि घाईने पुढे सरकला. सरावात आणि प्रत्यक्षात तेलुगू, दखनी, हिंदी, इंग्रजी यांची खिचडी चालते. 'थांब' यासाठी सर्वांना एकच ठरलेला इशारा असावा, असे मी निवृत्तीपूर्वीपासून लिहीत आलो आहे.

आता मी प्रत्यक्ष ऐकले ते.

दहा वाजून एकतीस मिनिटे. वेळ मी फळ्यावर लिहिली आहे. टेबलावरचा सेट खरखरला आणि त्यातून स्पष्ट मराठीत शब्द आले –

“थांब. पुढे जमीन नाही.”

आवाज माझा होता.

सेटवर स्वतःचा आवाज कसा ऐकू येतो हे मला चांगले ठाऊक आहे. प्रशिक्षणाच्या ध्वनिफिती मीच वर्षानुवर्षे तपासल्या. तोच किंचित बसका आवाज, 'न' वर येणारा तोच जोर... आणि माझ्या दातांत शिट्टी होती.

खाजा मियाँ माझ्याकडे वळले. “साब, आप बोले क्या?”

मी मान हलवली.

“मुँह में तो सीटी है आपके. कौन बोल्या फिर?”

मी शिट्टी काढली, रस्सीला परतीचे झटके दिले आणि वाट पाहिली. फळा सोडता येत नव्हता. ती चार मिनिटे माझ्या सगळ्या नोकरीहून लांब होती.

दोघे बाहेर आले. मिलिंदने मास्क काढला, बिल्ला मागितला आणि म्हणाला, “काका, तुम्हाला कसं कळलं?”

“काय कळलं?”

“पुढे जमीन नाही ते. सेटवर बोललात ना.” त्याने छातीवर हात ठेवला. “इथून आलं.”

साईलू जिन्याच्या पायरीवर बसला होता. “मैं आगु बोला सार, आगु! ये आग समझा. मैं इसका पैर पकड़ा तब तक ये खुद रुक गया.”

“आगु काय, आग काय. सरळ 'रुको' बोलायला काय झालं होतं?” मिलिंद म्हणाला.

“डर में अम्मा की भाषा आती रे,” साईलू म्हणाला. “तेरे को भी तो मराठी में आया.”

मी खाजा मियाँसमोर मिलिंदच्या छातीवरचा सेट काढला आणि उलटा केला. बॅटरीची जागा सकाळी होती तशीच रिकामी. खाजा मियाँनी त्यात बोट घालून पाहिले, आणि मग ते बोट रुमालाला पुसले.

मी लगेच वर गेलो. मिलिंद थांबला होता त्या जागेपासून लिफ्टचा उघडा खड्डा हातभर अंतरावर होता. खाली तळघरापर्यंत काही नाही, फक्त तुटक्या सळया. तो खड्डा उघडा आहे हे मला माहीत नव्हते. मालकाने ते सांगितले दुपारी, तेही माझ्या तिसऱ्या प्रश्नानंतर. म्हणजे जो आवाज माझा होता, तो मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगत होता.

मी हे तपासल्याशिवाय सोडले नाही. दुसऱ्या दिवशी मिलिंदला पूर्ण मास्कसह त्याच जागी उभे केले आणि खाली फळ्याच्या जागेवरून घसा फाटेस्तोवर ओरडलो. त्याला एक अक्षर ऐकू आले नाही. शिवाय ड्रिलवर मी मराठी बोलत नाही, कधीच बोललो नाही. तेथे तो माझा पुतण्याही नसतो; मी त्याला नंबराने हाक मारतो.

चिक्कडपल्लीला राहणाऱ्या माझ्या वहिनींचे, म्हणजे मिलिंदच्या आईचे म्हणणे निराळे आहे. माझे थोरले बंधू आता हयात नाहीत. “तुम्हा दोघा भावांचा आवाज एकच होता, भाऊजी. फोनवर मीसुद्धा फसायची,” असे त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा पोळ्या लाटू लागल्या. मी त्यांना विरोध केला नाही. पण वहिनींचे समाधान हा पुरावा होत नाही, आणि ते मी कोणाला पुरावा म्हणून वापरूही देणार नाही.

कारण प्रकरण तेथे संपले नाही.

चौकशीचा मसुदा आला. त्यात लिहिले आहे : 'मानद प्रशिक्षकांनी वॉकी-टॉकीवरून वेळीच इशारा दिला. संपर्क-यंत्रणा समाधानकारक आढळली.' वाचकहो, हे वाक्य दोनदा वाचा. ज्या आवाजाचा उगम कोणालाच सांगता येत नाही, तो आवाज विभागाने बॅटरी असल्याचा पुरावा म्हणून दाखल केला आहे! मिलिंदने मात्र जबाबात खरे ते लिहिले – सेटमध्ये बॅटरी नव्हती आणि तरीही त्यातून आवाज आला. म्हणून त्याला नोटीस : खोटे निवेदन केल्याबद्दल कारवाई का करू नये?

रविवारी सकाळी प्रभारी अधिकारी नल्लकुंट्याला माझ्या घरी आले. मिलिंदही होता. चहा घेऊन त्यांनी कागद पुढे सरकवला.

“सर, इतना लिख दीजिए कि आप बोले. मिलिंद का नोटिस मैं देख लूँगा. धुएँ में आदमी कनफ्यूज होता, ऐसा लिख देंगे.”

“मी बोललो नाही.”

“आवाज आपकी थी. मैं खुद सुना, मेरे सेट पे.”

“माझा आवाज होता. मी बोललो नाही.”

“तो क्या लिखूँ सर रिपोर्ट में? लिफ्ट का भूत बोला?”

“बॅटरी नव्हती, असे लिहा.”

“बैटरी रजिस्टर में है, सर.”

“रजिस्टरमध्ये आहे. सेटमध्ये नव्हती.”

ते हसले नाहीत, मीही नाही. त्यांनी पेन कागदावर ठेवले. आणि मी येथे कबूल करतो – ते पेन मी उचलले. माझ्या एका सहीने मिलिंदची नोकरी वाचत होती, बढती येत होती. खड्डा माहीत असूनही मी आधी सांगितले नाही, हा ठपका माझ्यावर आला असता. या वयात तो मी सोसला असता.

“काका, सही नक्को.” मिलिंद म्हणाला.

“नोकरीवर येईल.”

“येऊ दे. तुम्ही बोललात असं लिहिलं की सेट चांगले ठरले. मग तेच सेट परवा दुसऱ्याच्या छातीवर. त्या दिवशी मी होतो, मला मराठीत सांगितलं कुणीतरी. पुढे साईलू राहिला तर? त्याला तेलुगूत कोण सांगणार?”

मी पेन अधिकाऱ्यांना परत दिले. ते चहाबद्दल आभार मानून गेले.

त्यानंतर मी सहावे पत्र लिहिले, खाजा मियाँचे आणि साईलूचे सही केलेले जबाब जोडले. उत्तर आले नाही. मिलिंदच्या नोटिशीची मुदत मात्र चालू आहे. तो मराठी सावकाश वाचतो, म्हणून हा मजकूर मी त्याला वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सांगितली : मी 'रांगत होता' असे लिहिले होते, ते 'गुडघ्यांवर सरकला' असे करावे. केले आहे.

तो आवाज कोणाचा होता, हे मला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केला, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि प्रभारी अधिकाऱ्यांकडे मी ते मागतही नाही. मी एवढेच मागतो : त्यांनी याच सदरात, स्वतःच्या नावानिशी, सर्वांसमोर सांगावे की बुधवारी सकाळी मिलिंदच्या सेटमध्ये बॅटरी होती की नव्हती. होती म्हणत असाल, तर ती कोणी बसवली त्याचे नाव द्या. नव्हती म्हणत असाल, तर नोटीस मागे घ्या आणि रिकामा सेट घेऊन यापुढे कोणीही धुरात जाणार नाही, असे लिहून द्या. आणि यांपैकी काहीच करायचे नसेल, तर पुढच्या जोडीला आत पाठवण्यापूर्वी त्या दोघांच्या घरच्यांना समोर बसवून सांगा की, खड्ड्यापाशी तो आवाज पुन्हा येईल, याची हमी तुम्ही घेता.