चित्रातला बाप

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, आणि हे मी कुणापासून लपवत नसे. गोंदिया स्टेशनवर आमगावकडची गाडी उशिरा होती. ग्रीसच्या स्टोइक तत्त्वज्ञांवरचं, आजच्या वाचकांसाठी चित्रं घालून छापलेलं पुस्तक मी सगळ्यांना दिसेल असंच धरलं होतं.

शेजारी दवनीवाड्याचा एक म्हातारा बसला होता. मांडीवर कोरं हिरवं लुगडं. त्याची घडी तो सारखी हातानं नीट करायचा आणि विचारायचा, "गाडी कवा येईन, बाबू?"

पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला एक चित्र दाखवलं. मेलेल्या मुलाजवळ एक तत्त्वज्ञ शांत बसला होता. "बघा, शहाणा माणूस असा असतो. जे आपल्या हाती नाही त्यासाठी जीव जाळत नाही."

त्यानं चित्र निरखून पाहिलं. "हा पोराजवळ पोहचला आहे ना, बाबू. मी बी पोहचलो का असाच बसन. पोरगी मेली माझी, आमगावले. माहेरचं लुगडं नेसवूनच उचलतेत. सासरचे थांबतो म्हणाले, पण कितीक थांबतीन?"

मी पुस्तक मिटलं.

आमगावला म्हातारा उतरला. माझ्या खिडकीसमोरच त्याच्या जावयाचा भाऊ फलाटावर उभा होता. "लय थांबलो, मामाजी," तो खाली बघत म्हणाला. "मंग नाही जमलं."

म्हातारा रडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मंग कोणाचं लुगडं नेसवलं तिले?"

मला पुढे जायचं होतं. उत्तर येण्याआधीच गाडी हलली.