ठाकुरवाडी म्हटलं की कुठली?

मंडळी, आज कर्जतच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सोनल रडकुंडीला आली. "सर, दोन टेंपो सारखे हायत का बघणारं नवीन == चिन्ह मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं, पण चालतं जुनंच. मला नाय जमायचं. सोडते मी कोर्स."

बघितलं. प्रोग्रॅममधला 'टेंपो' हा 'वाहन' या मूळ साच्यावरून बनवलेला. त्या साच्यातलं == कंसात 'वाहन' घेतं. हिचं 'टेंपो' घेत होतं. प्रकार जुळला नाही, म्हणून जुनं बदललंच नाही. त्याच नावाचं दुसरं तयार झालं.

मी विचारलं, "आपल्या तालुक्यात ठाकुरवाड्या किती गं?"

"लय हायत! आमचं पार्सल कायम दुसरीतच जातं." मग स्क्रीनकडे वळली. "म्हंजे सर, नाव तेच, पत्ता वेगळा?"

तिने कंसात 'टेंपो'च्या जागी 'वाहन' लिहिलं. चाललं!

जाताना म्हणाली, "उद्या टेंपोसाठी वजाबाकीचं चिन्हपण नवीन लिहू."

तुमचं पार्सल कुठल्या ठाकुरवाडीत अडकलंय?