एवेलिओचं उसनं पाप

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा एवेलिओ हा आमच्या गावातला सगळ्यात नामांकित दारुडा आहे, आणि त्यानं जन्मात कधी दारू प्यायलेली नाही. एकदाच, स्वतःच्या लग्नात, कुणी आग्रह केला म्हणून दोन बिअर घेतल्या आणि नवरीच्या पांढऱ्या बुटांवर ओकला. ते बूट मी धुतले, म्हणून मला पक्कं ठाऊक.

धंद्यानं तो न्हावी. कॉफीच्या वखारीला लागून त्याचं दुकान. हात इतका हलका की तान्ही पोरं खुर्चीतच झोपतात. घरात झुरळ दिसलं तर स्टुलावर चढून माझ्या बहिणीला, ओनेलियाला, हाक मारतो. असला हा वाघ.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं ज्याला ज्या चिखलातून बाहेर काढलं, त्यानं उभं राहून तो चिखल मंडळीला सांगायचा. चिखल जितका खोल तितका आमेन मोठा. एवेलिओ बाप्तिस्मा घेऊन पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा बिचाऱ्याकडे चिखलच नव्हता. आपण रविवारी पत्ते खेळायचो, एवढंच त्यानं कबूल केलं. बायका जांभया द्यायला लागल्या. त्याच्यानंतर तुलिओ उठला. तुलिओनं खरोखर माणसाच्या पोटात सुरा खुपसला होता, तुरुंगात नऊ वर्षं काढली होती. त्याची साक्ष ऐकून बायका ओक्साबोक्शी रडल्या, पाळकांनी त्याला मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी तीन घरांतून कोंबडीच्या रश्श्याचं बोलावणं आलं. एवेलिओ माझ्या शेजारीच बसला होता. लग्नाच्या पंगतीत वाढपी आपल्याला वगळून पुढे गेला, तसं त्याचं तोंड झालं होतं.

मग त्यानं उसनवारी सुरू केली. न्हाव्याच्या खुर्चीत माणूस काय काय बोलतो! मान मागे, डोळे मिटलेले, गालांना साबण. कुणी बायकोला मारलेलं सांगतो, कुणी बापाची खेचरं विकून प्यालेलं. एवेलिओ इथे वस्तरा चालवायचा आणि गुरुवारी तेच पाप स्वतःच्या नावावर खपवायचा. पहिल्या वर्षी दोन बिअरची बाटली झाली, दुसऱ्या वर्षी बाटलीचं पिंप झालं, तिसऱ्या वर्षी तो उसाची दारू पिऊन गटारात पडायला लागला. पापाची मूळ मालक मंडळी मागच्या बाकांवर बसून ऐकायची. त्यांनी तोंड उघडलं असतं तर त्यांचीच पापं बाहेर पडली असती.

चौथ्या वर्षी शिवणयंत्राची पाळी आली. दारूसाठी आपण बायकोचं शिवणयंत्र विकलं, ती पाया पडत होती आणि आपण तिला लाथ मारली, असं त्यानं व्यासपीठावरून सांगितलं. खरी गोष्ट अशी, की चर्चच्या छपरावर पत्रे घालायचे होते आणि पैसे कमी पडत होते, तेव्हा ओनेलियानं स्वतःहून ते यंत्र विकलं. बाजारापर्यंत हातगाडी मी ढकलली. कुणाला सांगायचं नाही म्हणून तिनं मला शपथ घातली होती. त्याच पत्र्यांखाली उभा राहून हा मेला छाती बडवत होता.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "तुला जीभ आहे ना?"

"जाऊ दे ताई. देवाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "ह्यांना तेवढंच बरं वाटतं."

ह्यांना बरं वाटायचं आणि हिला कीव खावी लागायची. बायका अंडी आणून द्यायच्या, गालावरून हात फिरवायच्या, किती सोसलंस ग म्हणायच्या. ही मान खाली घालून अंडी घ्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण मी तरी कुठे बोलत होते? दर रविवारी चर्चच्या फाटकाशी मी तामाले विकते, मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधून उकडलेले. गिऱ्हाईक म्हणजे हीच मंडळी. शिवाय मी महिला मंडळाची अध्यक्ष. तिसऱ्या बाकावर माझी जागा आहे.

त्यांची मुलगी दिल्सिया चौदा वर्षांची झाली तेव्हा गोष्ट अंगाशी आली. शाळेत एका पोरीनं तिला विचारलं, तुझा बाप तुझ्या आईच्या अंगावर सुरा घेऊन धावायचा म्हणे? दिल्सियानं घरी येऊन बापालाच विचारलं. आणि त्या माणसानं, पोरीच्या डोळ्यांत बघून, हो म्हटलं. वर रडला. त्या दिवसापासून पोर बापाजवळ जेवायला बसेना. हातातलं काम टाकून आईच्या दंडांवर जुने वण शोधायची. ओनेलियानं तिला समजावलं, असं काही नव्हतं. पोर म्हणाली, तू त्यांना वाचवतेस, मार खाणाऱ्या बायका असंच करतात. हेही चर्चमध्येच शिकलेली.

त्यातच राजधानीहून, तेगुसिगाल्पाहून, मोठे पाळक येणार असं कळलं. साक्ष पटली तर ते एवेलिओला गावोगावच्या मंडळ्यांत बोलायला पाठवणार होते. त्यानं नवीन टाय आणला. स्वयंपाकघरात मी बीन्स निवडत बसले होते, तिथे येऊन तो ओनेलियाला म्हणाला, माझ्या साक्षीनंतर तू उठ.

"दोनच वाक्यं म्हण. 'मारायचे. आता मारत नाहीत.'"

"तुम्ही कधी मारलंत मला?"

त्यानं जरा विचार केला. "मनात मारलं असेल."

ओनेलियानं तव्यावरची तोर्तिया उलटली आणि म्हणाली, "उठेन मी."

मोठे पाळक येणार म्हणून साक्ष रविवारी ठेवली, आणि त्या दिवशी बसायला जागा नव्हती. एवेलिओ एवढा घसा ताणून बोलला की माइक शिट्टी मारायला लागला. त्यानं बायकोचं नाव घेतलं आणि ओनेलिया उठली. मोठ्या पाळकांकडे तिनं पाहिलंच नाही. गायकवृंदात दिल्सिया उभी होती, तिच्याकडे बघून बोलली.

"माझ्या नवऱ्यानं मला कधी बोट लावलेलं नाही. दारू ते पीत नाहीत, कधी पीतही नव्हते. यंत्र मी विकलं, ह्या पत्र्यांसाठी. दिल्सिया, तू चांगल्या घरात वाढलीस."

मला वाटलं, आता एवेलिओ पळून जाईल. पण मी त्याला ओळखलंच नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलायला लागले आणि माइक तोंडाशी धरून तो म्हणाला, "बघितलंत? अजूनही घाबरते मला."

असा आमेन उठला की कबुतरं उडाली. बायका हुंदके द्यायला लागल्या. मोठ्या पाळकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माणूस सावध होता. त्यांनी विचारलं, घरातलं आणखी कुणी आहे का? बोटं माझ्याकडे वळली.

"भगिनी, तुम्ही थोरल्या बहीण. हा माणूस प्यायचा का?"

ओनेलियानं माझ्याकडे पाहिलं. काही मागत नव्हती. नुसती वाट बघत होती. माझ्यामागे सगळं महिला मंडळ बसलं होतं, आणि फाटकाशी दोन टोपल्या भरून तामाले झाकून ठेवले होते.

मी म्हटलं, तेव्हा मी दुसऱ्या गावात राहत होते.

भीतीपोटी का होईना, देवासमोर खोटं बोलली, म्हणून ओनेलियाला तीन महिने शेवटच्या बाकावर बसवलं. गायचं नाही, प्रभुभोज घ्यायचा नाही. एवेलिओ आता महिन्यातून दोनदा टाय लावून गावोगाव जातो. बायकोच्या भीतीची गोष्ट त्यानं साक्षीच्या शेवटी जोडली आहे. तिथे लोक सर्वांत जास्त रडतात म्हणे.

त्या साक्षीच्या पुढच्याच रविवारी मी फाटकाशी नेहमीसारखी बसले होते. रांग चांगली मोठी होती. दिल्सिया रांग मोडून पुढे आली आणि टोपलीशी वाकली.

"मावशी, मला तरी खरं सांग. बाबा प्यायचे का?"

रांगेतल्या बायकांनी बोलणं थांबवलं. मी एक तामाले उचलून तिच्या हातात ठेवला, गरम होता. म्हटलं, लहान होतीस ग तू, जाऊ दे आता, खा. तिनं तो परत टोपलीत ठेवला, आत गेली आणि आईच्या बाकावरून पुढे जाऊन गायकवृंदात उभी राहिली.

मी पुढच्या बाईला विचारलं, किती देऊ?