दोन व्याही आणि तिसरं जहाज

माझे वडील आणि माझे सासरे यांचं भांडण वरणावरून झालं. ते वरण आमच्या घरचं नव्हतं. समुद्रावर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगवेगळ्या जहाजांवर ते शिजलं होतं, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या जहाजावरचं वरण चाखलेलं नव्हतं.

तेव्हा मी आणि माझा नवरा लातूरला क्लास चालवायचो. तो फिजिक्स शिकवायचा, मी केमिस्ट्री. बीड, परभणी, हिंगोलीची मुलं ट्रंका आणि गाद्या घेऊन लातूरला उतरायची, आणि ज्याच्याकडे एक खोली जास्तीची होती तो स्वतःच्या घराला होस्टेल म्हणायला लागला होता. हातात पैसा खेळू लागल्यावर क्लासवाल्यांना कुणीतरी क्रूझचं वेड लावलं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातले आम्ही लोक चहाच्या टपरीवर उभे राहून कुठलं जहाज किती मजल्यांचं यावर बोलायला लागलो.

आमच्या ओळखीतल्या क्लासवाल्यांची सिंगापूरच्या क्रूझची टूर ठरली. ती नेमकी परीक्षांच्या तोंडावर आली म्हणून आम्ही आमच्याऐवजी आई-अप्पांची नावं दिली. अप्पा म्हणजे माझे वडील. गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. आईनं सगळ्या टूरला पुरेल इतक्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, आणि ती सगळीच्या सगळी परत आणली.

"खायला वेळच न्हाई मिळाला," अप्पा म्हणाले. "तिथं दिवसभर जेवूनच राहिलो."

मग महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला त्या जहाजाचं वरण ऐकावं लागलं. पातळ असूनही कसं दाट होतं, फोडणीतलं जिरं कसं करपलेलं नव्हतं, आणि ते कसल्या भांड्यात ठेवलं होतं. भांड्यावर तर ते जास्तच बोलायचे. "बुडाला जाड, कडेला पातळ. असं भांडं असल्यावर वरण बिघडंल कसं?" कढई घ्यायला आलेली बाई कढई न घेता वरणाचं ऐकून परत जायची.

ही कीर्ती नांदेडला पोचली. माझे सासरे नांदेडला राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना मी मामा म्हणायची. नोकरीत त्यांनी पूर्णा, मुदखेडपासून सिकंदराबादपर्यंत प्रत्येक स्टेशनावरचं खाल्लेलं होतं, त्यामुळे घराबाहेरच्या जेवणावर शेवटचा शब्द आपला, असं ते धरून चालायचे. व्याही जहाजावर जाऊन आले आणि आपण नाही, हे त्यांना बोचलं. माझ्या धाकट्या दिरानं ते ओळखलं आणि आई-वडिलांना मुंबईहून सुटणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजानं गोव्याला फिरवून आणलं. आल्या आल्या मामांनी लातूरला फोन लावला.

"इवाई, तुम्ही जे खाल्लं ते जेवण होतं. आम्ही जे खाल्लं ते लाजवाब होतं. फरक हाय."

"तुमच्या जहाजावर वरण कसं होतं?" अप्पांनी विचारलं.

"वरणावर कोण थांबतंय तिथं? सतरा प्रकारचे पुलाव होते."

"म्हंजे वरण चांगलं नव्हतं," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

तिथून पुढं ते थांबलंच नाही. मामांनी सांगितलं की त्यांच्या जहाजावर पुरी तळून थेट ताटात पडायची. अप्पांनी कळवलं की त्यांच्या जहाजावर पुरी फुगलेली यायची आणि खाऊन होईपर्यंत फुगलेलीच राहायची. मामा म्हणाले, असं होऊ शकत नाही. अप्पांना खोटं पाडल्यासारखं झालं. ते लातूरजवळच्या मुरूडला गेले, त्याच टूरमध्ये असलेल्या एका बियाणांच्या दुकानदाराला उठवून जीपमध्ये घातलं आणि पुरीची साक्ष द्यायला थेट नांदेडला घेऊन गेले. तो बिचारा मामांच्या बैठकीत पाणी पीत बसला आणि विचारल्यावर म्हणाला, "मला कायबी ठावं न्हाई. मला पूर्ण वेळ उलट्याच होत होत्या." अप्पा त्याच पावली परत फिरले.

लातूरला ही गोष्ट क्लासपर्यंत आली. मुलांचे दोन तट पडले. ऑरगॅनिक शिकवताना मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, नांदेडच्या जहाजाचं काय झालं?" क्लासशेजारी एका बाईंची मेस होती. त्यांनी हवा ओळखून दारावर पाटी लावली: जहाजी थाळी मिळेल. थाळी तीच, दोन चपात्या, बटाट्याची भाजी आणि भात. फक्त भातावर टोमॅटोचं फूल कापून ठेवलेलं. अप्पा स्वतः जाऊन बसले, सगळी थाळी शांतपणे संपवली आणि बाईंना म्हणाले, "पाटी बदला. हे आमच्या जहाजाचं न्हाई. हे नांदेडच्या जहाजाचं हाय."

आई आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, या भांडणात नव्हत्या. मी आईला एकदा विचारलं की खरंच जेवण कसं होतं गं. ती म्हणाली, "जेवणाचं मला आठवत न्हाई बघ. नळ सोडला की गरम पाणी येत होतं. मी दिवसातून तीनदा न्हायले." आत्याबाईंचंही तेच होतं. दोघी फोनवर तासभर नळांविषयी बोलायच्या.

गंमत होती तोवर ठीक होतं. मग अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण म्हणून अप्पांनी सगळ्यांना बोलावलं. मामाही आले. आईनं पहाटेपासून राबून पुरणाचे धोंडे केले होते. मामांनी दोन धोंडे तुपात बुडवून खाल्ले, तिसरा घेतला आणि म्हणाले, "छान झालेत. जहाजावरची चव मात्र वेगळी."

आईचा हात वाढता वाढता थांबला. अप्पांनी ताटाला नमस्कार केला, अर्धं ताट तसंच ठेवून उठले आणि दुकानात निघून गेले. जहाजावर पुरणाचे धोंडे नव्हतेच, हे मामांना नंतर आत्याबाईंनी सांगितलं. मामा म्हणाले, "असते तर वेगळे झाले असते." पण तोवर उशीर झाला होता. दिवाळीला फोन आला नाही, संक्रांतीला तिळगूळ आला नाही. आई पदर डोळ्याला लावायला लागली. मला नांदेडला निघताना अप्पांना काय सांगावं कळायचं नाही, आणि लातूरला परतताना मामांना.

माझ्या नवऱ्याला प्रत्येक गोष्ट प्रयोगशाळेतल्यासारखी दिसते. तो म्हणाला, "दोघांनी एकच अन्न एकाच वेळी खाल्लेलं नाही, म्हणून हे चाललंय. दोघांना एका जहाजावर बसवू. तिसऱ्याच कंपनीच्या." मी त्याला वेड्यात काढलं. उन्हाळ्यात आम्ही सहा जण मुंबईच्या धक्क्यावर उभे होतो. अप्पा आणि मामा एकमेकांकडे पाठ करून.

पहिल्या दुपारी जेवणाच्या दालनात दोघं वेगवेगळ्या टोकांनी शिरले. कुठला पदार्थ दुसऱ्या जहाजाच्या बाजूनं साक्ष देईल याची दोघांना धास्ती. त्यामुळे दोघंही प्रत्येक भांड्यापाशी थांबायचे, झाकण उचलायचे, वास घ्यायचे, चमचाभर वाटीत घ्यायचे, चाखून डोळे मिटायचे. अप्पा तर भांडं खालून वाकून बघायचे, बुडाला बोटानं टकटक करायचे. दोन धोतरं, दोन टोप्या, दोन कपाळांवर विभूती. मधोमध वरणापाशी दोघांची गाठ पडली. दोघांनी एकाच वेळी चाखलं. अप्पांनी शेजारी उभ्या असलेल्या कोट घातलेल्या माणसाला सांगितलं, "हमारे जहाज पे ऐसा नहीं था."

तो तिथला मॅनेजर होता. त्यानं अदबीनं विचारलं, "कौनसी कंपनी, सर?"

अप्पांनी आपल्या कंपनीचं नाव सांगितलं. मामांनी मध्येच तोंड घालून आपल्या कंपनीचं सांगितलं. मॅनेजर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मग वाकून आत गेला.

संध्याकाळी आमचं टेबल बदललेलं होतं. पांढरा कपडा, फुलं, आणि एक मोठा आचारी हात मागं बांधून उभा. दोन कंपन्यांनी मिळून पाठवलेले तपासनीस वेष बदलून आलेत, असा जहाजवाल्यांचा समज झाला होता. वाढपी हे नवऱ्याच्या कानात सांगत असताना मला ऐकू आलं. नवरा खुलासा करायला उठला. मामांनी त्याला बसवलं. "चालू दे की," ते म्हणाले. "आपण कुठं काय खोटं बोललो?"

तिथून पुढं आम्हाला उसंत मिळाली नाही. आम्ही न मागितलेलं यायचं, आणि दोघं गंभीरपणे चाखायचे. आचारी हात जोडून विचारायचा, "कैसा है, सर?" अप्पा सांगायचे, "भांडा पतला है." तो मान डोलवायचा, आणि पुढच्या वेळी खरंच दुसऱ्या भांड्यातून यायचं. शेवटी त्यानं विचारलं, तुमच्या आवडीचं काय करू. मामा म्हणाले, पिठलं. आईनं आणि आत्याबाईंनी मिळून कृती सांगितली, नवऱ्यानं ती हिंदीत केली. दुसऱ्या दिवशी चांदीसारख्या चकचकीत झाकणाखालून पिठलं आलं. वर कोथिंबिरीचा मोर. अप्पांनी चाखलं.

"मीठ कमी हाय."

मामांनी चाखलं. "बिल्कुल कमी हाय," ते म्हणाले.

धोंड्यांनंतर त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

जेवणं उरकताना समुद्र खवळला. जहाज हलायला लागलं तशी माणसं कठडे धरून कशीबशी खोल्यांकडे निघाली. माझा नवरा पिवळा पडला. मला अप्पांची काळजी वाटली, कारण हलणं हा आमच्या घरात साधा विषय नव्हता. भूकंपाच्या वेळी लातूरला आमचं घर फक्त तडकलं होतं. पण चार दिवसांनी अप्पा किल्लारीकडच्या गावांत टेम्पोभर भांडी वाटायला गेले होते. तिथं ढिगाऱ्यातून काढलेली चेपलेली भांडी ओळीनं मांडलेली होती. त्यातली कितीतरी त्यांच्याच दुकानातली. त्यांच्या कारागिरानं घातलेली नावं त्यांनी वाचली, लग्नातली, डोहाळजेवणातली. त्या दिवसापासून स्लॅबखाली झोपले नाहीत. ऊन, पाऊस, थंडी, खाट अंगणात. पावसात वर ताडपत्री. आणि तिथंही झोप अशी नाहीच, कुत्रं धावलं तरी उठून बसायचे.

मी भिंती धरत त्यांच्या खोलीपाशी गेले. दार उघडंच होतं. मामा माझ्या आधीच दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आत लोखंडी छताखाली अप्पा पाठ टेकून गाढ झोपले होते. खोली डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, आणि अप्पा घोरत होते. आई पायाशी बसली होती.

"पहिल्या जहाजावर पण असंच," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्याच दिवशी निवांत झोपले. मी विचारलं, भ्या न्हाई वाटत का. तर म्हणाले, जमीन कवा हलंल त्याची वाट बघावी लागते. हे तर हलूनच राहिलंय, वाट कशाची बघायची. मग उठले आणि वरण खाल्लं. तेव्हापासून त्या वरणाचं गुणगान चाललंय."

मामांनी दार हळूच ओढून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांच्या जहाजावरचं वरण चांगलं असणार." आणि भिंतीला धरत धरत आपल्या खोलीकडे गेले.

उतरताना आचाऱ्यानं दोघांच्या पाया पडून विचारलं, रिपोर्ट कसा देणार. मामा म्हणाले, "अच्छा देंगे. नमक देखो." लातूरला आल्यावर त्यांनी मेसवाल्या बाईंपासून दुकानातल्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांना सांगितलं की वरणात व्याह्यांचं जहाज पहिलं. अप्पांना हे जड गेलं. भांडायला समोर कुणीच उरलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी दुकानातली भांडी काढून पुन्हा पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पुलाव मात्र तुमच्याकडंच चांगला असंल. आमच्याकडं दोनच होते." मामांनी मान हलवली आणि आणखी वरण मागून घेतलं.

अप्पा घरी आल्यावर परत अंगणातच झोपायला लागले. जहाजानं ते काही बरं केलं नाही. पण त्या वर्षी मामा लातूरला आठवड्यासाठी येऊन महिनाभर राहिले, आणि डासांना वैतागूनही दुसरी खाट अंगणातच टाकायला लावली. सकाळी मी चहा घेऊन गेले की दोघं डोक्यावरून पांघरूण घेऊन बोलत पडलेले असायचे. बोलणं बहुतेक आचाऱ्याचं असायचं. पुढच्या वेळी त्याला थालीपीठ सांगायचं की आंबील, यावर त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं.